पेशीची चावडी आणि तिचे दरवाजे

मंडळी, एके काळी गावचे सारे दप्तर चावडीत असे. उतारा पाहिजे असो की नोंद करायची असो, माणसाला चावडीची पायरी चढावी लागे. पण दप्तराला हात लावायचा तो ज्याचे काम त्यानेच. वाटेवरच्या सोम्यागोम्याने आत शिरून कागद चाळायचे नाहीत, असा दंडक असे.

तुमच्या-माझ्या शरीरातल्या पेशीतही अशी एक चावडी आहे. तिला केंद्रक म्हणतात. स्कॉटलंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी १८३१ साली आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, पेशी तपासताना या गोल ठिपक्याला नाव दिले. आनुवंशिकतेचे दप्तर, म्हणजे डीएनए, या केंद्रकात असते हे पुढे कळले. पण गंमत पाहा. दप्तर आत, आणि ते सांभाळणारी, त्याच्या नकला काढणारी, त्याची डागडुजी करणारी प्रथिने मात्र तयार होतात बाहेर, पेशीद्रवात. म्हणजे ती रोज बाहेरून आत यायला हवीत. मग ती येतात कशी? आणि नको ती बाहेरच का राहतात?

पहिला धागा १९५० साली हाती आला. कॅलन आणि टॉमलिन या दोघांनी उभयचर प्राण्यांच्या अंडपेशींतील केंद्रकाचे आवरण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तो त्यावर ओळीने भोके! भिंतीला दरवाजे आहेत, एवढे ठरले. आज आपल्याला माहीत आहे की सस्तन प्राण्याच्या एका केंद्रकाला असे दोन-चार हजार दरवाजे असतात, आणि प्रत्येक दरवाजा सुमारे तीस प्रकारच्या प्रथिनांचा बांधलेला असतो.

आता तुम्ही म्हणाल, भोके आहेत म्हणजे ही चाळणीच झाली. बारीक दाणा पडेल, जाड वर राहील. पुष्कळांना तसेच वाटले, आणि ते अर्धे खरेही आहे. लहान रेणू सहज आत-बाहेर करतात. पण कित्येक बोजड प्रथिनेही केंद्रकात गोळा झालेली दिसत. हे कसे? दोन उत्तरे संभवत होती. एक, दाराशी कोणी विचारीत नाही, पण आत ज्याचे काम असते तोच तिथे अडकून राहतो. दुसरे, दारातच ओळख पाहिली जाते.

हा वाद एका बेडकाच्या अंड्याने मिटवला. आफ्रिकेतील झेनोपस बेडकाची अंडपेशी मिलिमीटरभर मोठी, साध्या डोळ्यांना दिसणारी. तिच्यात बारीक सुईने हवे ते टोचता येते. १९८२ साली केंब्रिज येथे डिंगवॉल, शार्निक आणि लास्की यांनी न्यूक्लिओप्लाझ्मिन नावाचे प्रथिन घेतले. त्याचे पाच भाग असतात व प्रत्येकाला एकेक शेपूट. अख्खे प्रथिन बाहेर टोचले, ते आत गेले. शेपट्या तोडल्या, उरलेला गड्डा बाहेरच राहिला. नुसत्या शेपट्या टोचल्या, त्या आत गेल्या. पाचांपैकी एकच शेपूट शिल्लक ठेवली, तरी गडी आत गेला, फक्त सावकाश. आणि शेवटचा पुरावा पाहा : शेपट्या नसलेला गड्डा सरळ केंद्रकातच टोचला, तर तो तिथेच राहिला, बाहेर आला नाही. म्हणजे आत राहायला शेपूट लागत नव्हती, आत शिरायला लागत होती. ओळख दारातच पाहिली जात होती.

मग शेपटीत असे होते तरी काय? ते १९८४ साली दुसऱ्याच एका प्रथिनावरून उमगले. माकडात आढळणाऱ्या एसव्ही-४० विषाणूचे एक प्रथिन केंद्रकात जाते. प्रथिन हे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांच्या मुळाक्षरांनी लिहिलेले असते असे समजा. लंडनमध्ये काल्डेरॉन, स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की त्या विषाणूच्या प्रथिनावर सात अक्षरांचा पत्ता आहे : प्रोलीन, लायसीन, लायसीन, लायसीन, आर्जिनीन, लायसीन, व्हॅलीन. यातले एक विशिष्ट लायसीन बदलले, की प्रथिन बाहेर ताटकळत राही. उलट, ज्याचा केंद्रकाशी काडीचा संबंध नाही अशा प्रथिनाला ही सात अक्षरे जोडली, की ते निमूटपणे आत जाई. एका अक्षराने दार बंद, सात अक्षरांनी उघडे!

पत्ता असला तरी तो वाचणारा पोस्टमन हवाच. १९९४ साली गोर्लिच व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकाच्या अंड्यांतूनच तो वेगळा काढला. त्याचे नाव इम्पोर्टिन. तो पत्ता वाचतो, माल खांद्यावर घेतो, दारातून नेतो. पण आपण आत पोहोचलो हे त्याला कळते कसे? त्याचे उत्तर रॅन नावाच्या लहान प्रथिनात आहे. आयातीसाठी ते आवश्यक असल्याचे १९९३ साली मूर आणि ब्लोबेल यांनी दाखवले होते. रॅनची दोन रूपे असतात, भरलेले आणि रिते. त्याला भरणारे प्रथिन डीएनएच्या आसऱ्याने आत बसलेले, रिते करणारे बाहेर. म्हणून भरलेला रॅन केंद्रकातच मुबलक. तो भेटला की इम्पोर्टिन ओझे खाली ठेवतो.

बाहेर जाणाऱ्यांचाही वेगळा पत्ता असतो, हे १९९५ साली कळले. त्यात एचआयव्ही विषाणूचे एक प्रथिन होते. १९९७ साली बाहेर नेणारा हमालही सापडला, एक्स्पोर्टिन. तो भरलेल्या रॅनला बरोबर घेऊनच माल उचलतो. बाहेर रॅन रिता झाला, की माल सुटतो. एकच खूण, पण जाणाऱ्याला आणि येणाऱ्याला उलट अर्थाची.

हे जाणून आम्हाला काय लाभ, असे कोणी विचारील. पेशीची बेसुमार वाढ रोखणाऱ्या काही प्रथिनांचे काम केंद्रकात असते. कर्करोगात पुष्कळदा हा बाहेर नेणारा हमाल गरजेपेक्षा जास्त असतो, आणि राखणदारच चावडीबाहेर काढले जातात. एक्स्पोर्टिनला अडवणारे सेलिनेक्सॉर हे औषध २०१९ साली अमेरिकेत हाडांच्या मगजातील एका कर्करोगासाठी मंजूर झाले. बेडकाच्या अंड्यात सुई टोचणाऱ्यांच्या मनात असे औषध नव्हते. त्यांना दरवाजा समजून घ्यायचा होता.

गुरुजींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आत गेल्यावर हा पत्ता फाडून टाकला जात नाही. आपल्या पेशीचे विभाजन होताना केंद्रकाची भिंतच विरते आणि सारी प्रथिने पेशीद्रवात मिसळतात. भिंत पुन्हा उभी राहिली, की ज्याला त्याला पुन्हा दारातूनच आत यावे लागते, तोच पत्ता दाखवून. तेव्हा फळ्यावर पेशी काढताना केंद्रकाचा गोल सलग रेघेने न काढता तुटक रेघेने काढा. मुले विचारतील, ही रेघ तुटकी का? मग सांगायला भरपूर आहे.