अमेरिकेच्या राज्यघटनेंतून आपण काय घेतलें व काय टाकलें

भारतीय राज्यघटना ही परकीय घटनांची जुळवाजुळव होय, असा आक्षेप वारंवार ऐकूं येतो. त्यांतील अमेरिकेपुरत्या भागाचा विचार येथें कर्तव्य आहे. प्रस्तुत लेखकाचें बुरोंडी गांव ज्या दापोली तालुक्यांत मोडतें, त्याच तालुक्यांतील आपलें मूळ घराणें, असें मसुदासमितीचे अध्यक्ष डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनीं लिहून ठेविलें आहे. (त्यांचें आंबडवें गांव आज मंडणगड तालुक्यांत आहे.) १९१३ ते १९१६ या काळांत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विश्वविद्यालयांत त्यांचें अध्ययन झालें. अर्थात् अमेरिकेचा परिचय त्यांस केवळ ग्रंथांवरून झालेला नव्हता.

अमेरिकेच्या घटनेवर १७ सप्टेंबर १७८७ रोजीं फिलाडेल्फिया येथें सह्या झाल्या. जून १७८८ मध्यें आवश्यक त्या ९ राज्यांची संमति मिळाली व १७८९ त ती अंमलांत आली. तिचीं मूलतत्त्वें मुख्यतः तीन: सत्तेचा उगम लोकांत; कायदे करणें, ते अंमलांत आणणें व न्याय देणें या सत्तांची फारकत; आणि केंद्र व राज्यें यांत अधिकारांची वांटणी. व्यक्तीचे हक्क १७९१ च्या पहिल्या दहा दुरुस्त्यांनीं सांगितले. घटनेशीं विसंगत कायदा रद्द ठरविण्याचा न्यायालयाचा अधिकार मात्र घटनेंत स्पष्ट लिहिलेला नव्हता. तो सरन्यायाधीश मार्शल यांनीं १८०३ त मार्बरी विरुद्ध मॅडिसन या खटल्यांत प्रस्थापित केला. श्रुति व स्मृति यांचा विरोध आल्यास श्रुति बलवत्तर, हा मीमांसकांचा न्याय ज्यांस परिचित आहे, त्यांस ही युक्ति नवी वाटणार नाहीं. आपल्या घटनेनें हें तत्त्व अनुमानावर न सोडतां १३ व्या अनुच्छेदांत शब्दांनींच नमूद केलें.

आतां टाकलें काय तें पाहूं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत मसुदा मांडतांना आंबेडकरांनीं सांगितलें कीं, अमेरिकन पद्धतींत स्थैर्य अधिक, तर ब्रिटिश पद्धतींत उत्तरदायित्व अधिक. मसुद्यानें उत्तरदायित्व पसंत केलें आहे. दुहेरी नागरिकत्वही मसुद्यानें स्वीकारलें नाहीं. उसनवारीच्या आक्षेपास त्यांचें उत्तर असें कीं, घटनेच्या मूलकल्पनांवर कोणाचीही मिरासदारी नसते.

परंतु सर्वांत महत्त्वाचा भेद याहून निराळा आहे. लोकांच्या नांवानें आरंभ करणाऱ्या १७८७ च्या घटनेनें गुलामगिरी राहूं दिली. इतकेंच नव्हे, तर प्रतिनिधींची संख्या ठरवितांना गुलामांची गणना तीनपंचमांश धरली. गुलामगिरी नष्ट होण्यास १८६१ ते १८६५ चें यादवी युद्ध व १३ वी दुरुस्ती लागली. जोतीराव फुले यांनीं १८७३ त आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केला, तो याच कार्याच्या गौरवार्थ. आपल्या घटनेनें अस्पृश्यता मूळ संहितेंतच, १७ व्या अनुच्छेदानें, नष्ट केली. अमेरिकेंत ७८ वर्षांनीं व रक्तपातानंतर जें लिहिलें गेलें, त्या जातीचें वचन येथें आरंभींच लिहिलें गेलें. यास उसनवारी म्हणतां येत नाहीं.

तथापि वचन लिहिणें व तें पाळणें यांत अंतर असतें. १८६५ नंतरही अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांस नागरी हक्कांच्या कायद्यासाठीं १९६४ पर्यंत थांबावें लागलें. राजकारणांत समता व समाजांत विषमता, या विसंगतीचा इशारा आंबेडकरांनीं २५ नोव्हेंबर १९४९ रोजींच देऊन ठेविला होता. घटनेचें मूल्यमापन करणाऱ्यानें, ती कोठून आली यापेक्षां ती गांवोगांवच्या पाणवठ्यावर कितपत पोंचली, हेंच आधीं तपासावें.