जुन्या डोंगरी सायकलीचे मोल

'जुने ते सोने' ही म्हण आपल्या तोंडी इतकी रुळली आहे की, ती कसोटीला लावून पाहण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. वस्तुतः जुन्यांपैकी पुष्कळसे केवळ जुने असते. सोने त्यात क्वचितच सापडते. मग एखादी वस्तू भंगाराच्या ढिगातून उठून मौल्यवान कशी ठरते? या प्रश्नाचा विचार करण्यास 'माउंटन बाइक' या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या डोंगरी सायकलीइतके बोलके उदाहरण आमच्या पाहण्यात दुसरे नाही. १९८० ते १९९५ या काळात बनलेल्या अशा सायकली मध्यंतरी अडगळीत पडल्या होत्या. आज त्याच सायकली शोधून काढण्यासाठी, घासूनपुसून पुन्हा रस्त्यावर आणण्यासाठी अनेक देशांतील लोक वेळ आणि पैसा खर्च करीत आहेत. हे वेड म्हणावे, की त्यामागे काही विचार आहे? उत्तरासाठी प्रथम इतिहासाकडे वळले पाहिजे.

खडकाळ वाटेने सायकल हाकण्याची कल्पना मुळात नवी नव्हे. १८९७ साली अमेरिकी सैन्याच्या पंचविसाव्या पायदळ पलटणीतील कृष्णवर्णीय शिपायांनी लेफ्टनंट जेम्स मॉस यांच्या नेतृत्वाखाली मोंटाना प्रांतातील मिझुला गावापासून सेंट लुईस शहरापर्यंत सुमारे १,९०० मैलांचा प्रवास सायकलींवरून केला होता. त्या वाटेत डोंगर होते, चिखल होता, नदीचे उतारही होते. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात जॉन फिनले स्कॉट या तरुणाने जाड टायर आणि गिअर लावून रानात चालणारी सायकल स्वतःपुरती बनविली. इंग्लंडात १९५५ साली आडवाटेने भटकणाऱ्या सायकलस्वारांचे एक मंडळही स्थापन झाले. परंतु या प्रयत्नांतून नवा प्रकार रूढ झाला नाही. बीज पडले होते. त्यास जमीन मिळावयाची होती.

ती जमीन मिळाली सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस असलेल्या मरिन परगण्यात. तेथे माउंट टॅमलपायस नावाचा सुमारे २,५७० फूट उंचीचा डोंगर आहे. वणवा विझविणाऱ्या गाड्यांसाठी त्याच्या आणि आसपासच्या टेकड्यांच्या अंगाखांद्यावरून मातीचे रस्ते काढलेले आहेत. १९७० नंतरच्या काही वर्षांत तेथील काही तरुण या रस्त्यांनी सायकली दामटू लागले. त्यातील बरेचजण पक्क्या सडकेवरील शर्यतींत मुरलेले होते. तथापि तेथील नाजूक चाके या मातीवर टिकण्यासारखी नव्हती. म्हणून त्यांनी भंगारातून जुनी धुडे बाहेर काढली. श्विन कंपनीने १९३३ साली सव्वादोन इंचांच्या आतबाहेर जाडीचे, फुगीर टायरांचे चाक अमेरिकेच्या बाजारात आणले होते. त्या धाटणीच्या जड आणि दणकट सायकली एके काळी वर्तमानपत्रे टाकणारी पोरे वापरीत. त्यांचे मडगार्ड, कॅरिअर आणि दिखाऊ पत्रे उतरवून उरलेल्या सांगाड्यास या तरुणांनी 'क्लंकर' हे थट्टेचे नाव दिले. आपल्या बोलीत त्यास 'खटारा' म्हणावे.

या खटाऱ्यांना एकच ब्रेक असे आणि तो पायडल उलटे फिरविले की मागच्या चाकाच्या हबमध्ये लागे. फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर दोन मैलांच्या अंतरात सुमारे १,३०० फूट खाली उतरावे लागे. तळाशी पोहोचेपर्यंत तो हब इतका तापे की आतील ग्रीस जळून धूर निघे, आणि पुढच्या फेरीपूर्वी हब उघडून त्यात नव्याने ग्रीस भरावे लागे. 'पुन्हा भरणे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून त्या उतारास 'रिपॅक' हे नाव पडले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे पहिली शर्यत झाली. स्वार एकामागून एक सोडले जात व घड्याळावर वेळ मोजली जाई. पुढे गॅरी फिशर याने ४ मिनिटे २२ सेकंदांत तो उतार पार केला. तो विक्रम कोणी मोडला नाही. नाव काय, तर ग्रीस भरण्याचे! पण त्या ग्रीसमध्येच नव्या यंत्राची गरज दडलेली होती.

कारण जुने सांगाडे या माऱ्यापुढे एकामागून एक मोडू लागले. दरम्यान १९७४ च्या डिसेंबरात मरिनमधील एका शर्यतीस क्यूपर्टिनो गावाचे काही स्वार जाड टायरांच्या सायकलींना गिअर बसवून आले होते. त्यांचे पाहून इतरांचेही डोळे उघडले. अखेर जो ब्रीझ या कारागिराने १९७७ साली खास या कामासाठी क्रोमोली पोलादाच्या नळ्यांची नवी फ्रेम जोडली. आरंभापासून डोंगरासाठीच घडविलेली ही पहिली आधुनिक सायकल, असे बहुतेक जाणकार मानतात. ती आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी दुकान थाटले व टॉम रिची याने बनविलेल्या फ्रेमी 'माउंटनबाइक्स' या नावाने विकण्यास प्रारंभ केला. ते नाव त्यांना आपल्यापुरते राखून ठेवता आले नाही. पाहता पाहता ते साऱ्या जगाचे सामान्यनाम झाले.

यानंतर जे झाले ते उद्योगाच्या इतिहासात नेहमीच होते. माइक सिनयार्ड यांच्या स्पेशलाइज्ड कंपनीने १९८१ साली जपानात सायकली बनवून घेतल्या आणि 'स्टंपजंपर' या नावाने सुमारे ७५० डॉलरना बाजारात आणल्या. १९८२ मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने केवळ डोंगरी सायकलीसाठी गिअर आणि ब्रेकांचा 'डिओर एक्सटी' हा संच काढला. त्यावर हरणाच्या मुखाची मुद्रा असे, आणि आज संग्राहक तीच मुद्रा शोधीत फिरतात. १९९० मध्ये कोलोराडोतील ड्युरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा क्रीडाप्रकार दाखल झाला. तेथे पुरुषांत हॉलंडचा बार्ट ब्रेन्ट्येन्स व स्त्रियांत इटलीची पाओला पेत्सो विजयी झाली. भंगारातून निघालेला खटारा वीस वर्षांत ऑलिंपिकच्या मैदानावर पोहोचला.

परंतु या वेगवान प्रगतीनेच जुन्या सायकलींना निवृत्त केले. १९९० च्या सुमारास पुढच्या चिमट्यात धक्के शोषणारी योजना आली, मग ती मागेही आली. पोलादाची जागा ॲल्युमिनियमने व कार्बनने घेतली, चाकाच्या कडेवर दाबणाऱ्या ब्रेकांची जागा डिस्कने घेतली, आणि सव्वीस इंचांचे चाक मागे पडून साडेसत्तावीस व एकोणतीस इंचांची चाके रूढ झाली. जुनी सायकल मोडली नव्हती. ती केवळ कालबाह्य ठरली होती. मोडणे आणि कालबाह्य होणे यांतील हा भेद आमच्या प्रतिपादनाचे मर्म आहे.

आता मोलाचा विचार करू. पहिले मोल द्रव्याचे, म्हणजे पोलादाचे. क्रोमियम व मोलिब्डेनम मिसळलेल्या या पोलादाच्या नळ्या सांध्यापाशी जाड व मध्ये पातळ ओढलेल्या असत. त्यामुळे बळ आणि हलकेपणा दोन्ही साधत. शिवाय पोलादाचा एक गुण असा की, ठराविक मर्यादेच्या आतील ताण ते जवळजवळ अमर्याद वेळा सोसते; ॲल्युमिनियमला अशी निश्चित मर्यादा नाही. म्हणून गंज लागू न दिलेली चाळीस वर्षांची फ्रेम आजही निर्धास्तपणे चालविता येते, आणि तडा गेलाच तर कुशल कारागीर तो पुन्हा जोडू शकतो.

दुसरे मोल दुरुस्तीचे. या सायकलीचा प्रत्येक भाग उघडता येतो व हाताने समजून घेता येतो. हबमधील छर्रे काढावे, धुवावे, ग्रीस भरावे आणि पुन्हा बसवावे. रिपॅकच्या उतारावरील विधी तो हाच. २०२० साली महामारीच्या काळात जगभर नव्या सायकलींचा तुटवडा पडला, तेव्हा अनेकांनी माळ्यावरच्या जुन्या सायकली खाली उतरविल्या आणि नवे टायर, नव्या केबली व ब्रेकचे गट्टू बदलून त्या कामाला जुंपल्या. संग्राहकाच्या हौसेपेक्षा या अनुभवाने जुन्या सायकलीची थोरवी अधिक पटविली, असे आम्हांस वाटते.

तिसरे मोल स्मृतीचे, आणि येथेच खरा वाद आहे. सायकल हाती आल्यावर तिला नवा रंग द्यावा, की ओरखड्यांसह जुनाच रंग राखावा? जीर्णोद्धाराची कामे जवळून पाहिलेल्या आमच्या वाचकांस हा पेच अपरिचित नाही. चुन्याच्या जाड थराखाली जुने कोरीवकाम बुजले म्हणजे वास्तू नवी दिसते, पण मुकी होते. सायकलीचेही तसेच आहे. मूळ रंग, मूळ चिन्हे आणि मूळ भाग ज्या फ्रेमवर शाबूत आहेत, तिची किंमत चकचकीत रंगविलेल्या फ्रेमपेक्षा जाणकार अधिक मानतात. कारण रंग पुन्हा देता येतो, पण मूळचा एकदा गेला की गेला. उलटपक्षी, काचेच्या कपाटात बंद करून ठेवलेली सायकल सायकल राहते काय, हाही प्रश्न उरतोच. आमचे मत असे की, पहिल्यावहिल्या दुर्मिळ नमुन्यांनी संग्रहालयात विसावावे आणि कारखान्यातून हजारोंनी निघालेल्यांनी रस्त्यावर चालावे.

मात्र येथे एक इशारा आवश्यक आहे. डोंगरी सायकलीची लोकप्रियता पाहून त्याच काळात केवळ तिच्या रूपाची नक्कल करणाऱ्या जड व हलक्या प्रतीच्या सायकलीही अमाप निघाल्या. त्या जुन्या आहेत, पण सोने नाहीत. चांगल्या फ्रेमीतही सीटची ॲल्युमिनियमची दांडी वर्षानुवर्षे न हलविल्याने पोलादाच्या नळीत कायमची धरून बसलेली आढळते. ती निघत नसेल तर सौदा महागात पडतो. नळ्यांच्या आत गंज असतो, टायरांचे रबर तडकलेले असते, आणि त्या काळच्या ब्रेकांची पकड पावसात आजच्या डिस्कची बरोबरी करू शकत नाही. भाबडेपणाने पैसे मोजणारा अखेर म्हणीला दोष देतो.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. ज्या खटाऱ्यांनी हा इतिहास घडविला, त्यांतील पुष्कळसे त्या उतारांवरच मोडून नष्ट झाले. मोडणे हेच त्यांचे कार्य होते. ते मोडले म्हणून नवी फ्रेम जन्मास आली. ब्रीझ, फिशर, केली ही मंडळी आता सत्तरी ओलांडून गेली आहेत. वेंडी क्रॅग या त्या टोळीतील स्त्री-स्वाराने त्या काळी टिपलेली छायाचित्रे हा फार मोठा ठेवा आहे, आणि २०१५ साली फेअरफॅक्समध्ये सायकलींचे संग्रहालयही उभे राहिले आहे. ज्या उतारावर ग्रीस जळत होते, त्याच्या पायथ्याच्या गावातच ही स्मृती जतन व्हावी, हे सर्वथा उचित होय. ही दक्षता वेळेवर घेतली गेली. आणखी एक पिढी लोटली असती, तर कोण कोणाआधी काय शिकला हे सांगणारेच उरले नसते.

आपल्या घरांतही अशा वस्तू आहेत. वाडवडिलांची सायकल मागील पडवीत गंजत असेल, शिवणयंत्र माळ्यावर असेल, पितळी समई वा घड्याळ कोनाड्यात असेल. ती सर्व जपलीच पाहिजेत असा आमचा आग्रह नाही. पण भंगारवाल्यास हाक मारण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्या: तिचे द्रव्य अस्सल आहे काय, ती उघडून दुरुस्त करता येते काय, आणि ती कोणी, कशी वापरली हे सांगणारे माणूस अद्याप घरात आहे काय. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर प्रथम त्या माणसापाशी बसून सारे लिहून घ्यावे. वस्तूचा निर्णय त्यानंतर सावकाश करता येईल.