विद्युत् संवाहक व निरोधक : संकल्पनेचा इतिहास

ज्या पदार्थातून विद्युत् प्रवाह सहज वाहतो त्यास संवाहक व ज्यातून तो जवळजवळ वाहत नाही त्यास निरोधक म्हणतात. काचेची रोधकता तांब्याच्या रोधकतेच्या तुलनेने एकावर अठरा शून्ये मांडून होणाऱ्या संख्येइतक्या पटीने किंवा त्याहूनही अधिक असते. हा भेद ओळखल्यापासून त्याचे कारण कळेपर्यंत दोन शतके लोटली.

इंग्लंडमध्ये स्टीफन ग्रे यांनी १७२९ मध्ये सुतळीतून विद्युत् दूरवर नेली. सुतळी रेशमी धाग्यांनी टांगली असता प्रयोग यशस्वी होई. पण धागे तुटल्यामुळे तितकीच बारीक पितळी तार वापरताच विद्युत् निसटून गेली. त्यावरून आधाराची जाडी नव्हे, तर त्याचा पदार्थ महत्त्वाचा, हे स्पष्ट झाले.

इलेक्ट्रॉनाच्या शोधानंतर (१८९७) पाउल ड्रूडे यांनी धातूंत मुक्त इलेक्ट्रॉन वायूप्रमाणे संचार करतात, असा सिद्धांत मांडला (१९००). तथापि इलेक्ट्रॉन हिऱ्यातही असताना तो निरोधक का, याचा उलगडा त्यातून होईना. तो पुंजयामिकीने केला. स्फटिकातील इलेक्ट्रॉन आवर्ती रचनेतून तरंगरूपाने जाऊ शकतात, हे फेलिक्स ब्लॉख यांनी १९२८ मध्ये दाखविले. ए. एच. विल्सन यांनी १९३१ मध्ये त्यावरून संवाहक व निरोधक यांतील भेद स्पष्ट केला. इलेक्ट्रॉनांच्या अनुमत ऊर्जा पट्टांत विभागलेल्या असतात. पूर्ण भरलेल्या पट्टात परस्परविरुद्ध दिशांच्या गती एकमेकींना छेदतात व प्रवाह शून्य होतो. अंशतः भरलेल्या पट्टात मात्र प्रवाह संभवतो. हिऱ्यात भरलेला व रिक्त पट्ट यांमध्ये सु. ५.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट अंतर आहे. सिलिकनात ते सु. १.१ असल्याने उष्णतेने काही इलेक्ट्रॉन वरच्या पट्टात जातात. म्हणून तो अर्धसंवाहक होय.

हा सिद्धांतही अपुरा आहे. त्यानुसार निकेल ऑक्साइड संवाहक असावयास हवे. प्रत्यक्षात ते निरोधक आहे. इलेक्ट्रॉनांचे परस्पर प्रतिसारण हे त्याचे कारण असल्याची कल्पना १९३७ मध्ये पुढे आली व नेव्हिल मॉट यांनी नंतर ती विकसित केली.

अतिसंवाहकतेचा शोध १९११ मध्ये लागला व तिचे सर्वमान्य स्पष्टीकरण १९५७ मध्ये बार्डीन, कूपर व श्रीफर यांनी दिले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे या क्षेत्रातील कार्य उल्लेखनीय आहे. तेथे १९९४ मध्ये यिट्रियम, निकेल, बोरॉन व कार्बन यांच्या संयुगांत अतिसंवाहकता आढळली. पुढे एस. रामकृष्णन् व सहकाऱ्यांनी शुद्ध बिस्मथाच्या स्फटिकात सामान्य दाबास ०.०००५३ केल्व्हिन तापमानाला ती दाखविली (२०१६). बिस्मथात सु. एक लाख अणूंमागे एकच संचारी इलेक्ट्रॉन असतो. १९५७ च्या सिद्धांताच्या रूढ स्वरूपाने या निष्कर्षाची उपपत्ती लागत नाही. ग्रे यांनी उपस्थित केलेल्या प्रश्नाची व्याप्ती अशा प्रकारे वाढतच गेली आहे.