कमान, नदी आणि टोर्नेडो

२०२३ मध्ये मी सहा महिने ऑनसाइट होतो, अमेरिकेत सेंट लुईसला. पहिल्याच महिन्यात एका सकाळी बाहेर भोंगे वाजायला लागले आणि माझी पाचावर धारण बसली! शेजारचा टीममेट मात्र आरामात कॉफी पीत होता. म्हणाला, "दर महिन्याची टेस्ट आहे. आणि टोर्नेडो काही शहरात येत नाही. एवढी मोठी नदी, उंच इमारती, शिवाय आमची कमान वादळं वळवते." कमान म्हणजे गेटवे आर्च, १९६५ साली पूर्ण झालेली, १९२ मीटर उंच. कमानीचं तो गमतीत बोलला, पण नदीचं आणि इमारतींचं अगदी मनापासून.

मलाही पटलं. सिनेमात टोर्नेडो नेहमी शेतातच दिसतो ना! पण वीकेंडला शहराचा इतिहास वाचायला घेतला आणि उडालोच.

२७ मे १८९६. साडेचार लाखांच्या वर वस्तीचं हे शहर तेव्हा अमेरिकेतल्या पहिल्या पाचांत होतं. संध्याकाळी टोर्नेडो दाट वस्तीत शिरला, घरं आणि कारखाने पाडत नदीपर्यंत गेला. मिसिसिपीने अडवलं का? छे! धक्क्यावरच्या बोटी बुडवून, ईड्स पुलाचा पूर्वेकडचा भाग मोडून तो पलीकडे ईस्ट सेंट लुईसमध्ये घुसला. पुलापाशी एक लाकडी फळी लोखंडी पत्र्यातून आरपार गेलेली सापडली. सगळा खेळ साधारण वीस मिनिटांचा. अधिकृत आकड्यानुसार २५५ माणसं गेली.

बरं, हे एकदाच झालं म्हणावं तर १९२७ मध्ये पुन्हा ७० हून जास्त बळी. १९५९ मध्ये आणखी २१.

मग उंच इमारतींचं काय? मोठे टोर्नेडो ज्या सुपरसेल ढगातून येतात, तो दहा-बारा किलोमीटर उंच असतो. म्हणजे एकावर एक साठ कमानी ठेवल्या तर कुठे त्याच्या डोक्याला हात लागेल! त्याला खालच्या इमारतींचं काय पडलंय? २८ मार्च २००० ला फोर्ट वर्थच्या ऐन डाउनटाउनमध्ये टोर्नेडो घुसला आणि ३५ मजली टॉवरच्या काचा फुटल्या.

तरी असं क्वचितच का होतं? साधं गणित आहे. डाउनटाउन म्हणजे दोन-चार चौरस किलोमीटर, आणि आजूबाजूला हजारो चौरस किलोमीटर मोकळं रान. बाण कुठेही पडला तरी रानातच पडण्याची शक्यता जास्त. याला संरक्षण म्हणत नाहीत, नशीब म्हणतात.

अख्खं शहर मात्र नष्ट होत नाही. टोर्नेडोचा पट्टा बहुधा काहीशे मीटर रुंद असतो, क्वचितच दोन-तीन किलोमीटर किंवा त्याहून जास्त. १८९६ मध्येच, सुमारे तीन आठवड्यांनी, याच शहरात रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन भरलं आणि मॅकिन्ली उमेदवार ठरले. शहर टिकतं. पट्ट्यात सापडलेली गल्ली टिकत नाही.

हे सगळं मी त्या टीममेटला सांगितलं होतं. तो हसला होता, "शंभर वर्षांपूर्वीचं सोड रे."

१६ मे २०२५ ला भर दुपारी टोर्नेडो पुन्हा सेंट लुईसमध्ये आला. हजारो इमारतींचं नुकसान झालं, माणसं गेली. आणि ज्यांची दर महिन्याला टेस्ट व्हायची, ते शहराचे भोंगे त्या दिवशी वाजलेच नाहीत! यंत्रणा होती, बटण दाबलं गेलं नाही. पुण्यात बसून बातमी वाचली आणि आधी त्याला मेसेज टाकला. दीड तासाने उत्तर आलं, "बेसमेंटमध्ये होतो. घर ठीक आहे. समोरच्या घराचं छप्पर गेलं."

आपल्या धंद्यात हे वाक्य रोज ऐकतो, "आजवर कधी क्रॅश झालं नाही, म्हणजे होणार नाही." हल्ली हे ऐकलं की मी लॉग मागतो. सेंट लुईसचा लॉग १८९६ पासूनचा आहे. कुणी उघडून बघत नाही, एवढंच.