स्वतःचा शेरा

मार्च संपला की तहसील कचेरीत वेगळीच कुजबुज सुरू व्हायची. वसुलीची धावपळ नुकतीच आटोपलेली असायची आणि साहेबांच्या टेबलावर गोपनीय अहवालांचे कोरे नमुने येऊन पडायचे. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात कोण कसा वागला हे साहेब लिहिणार, त्यांचे वरिष्ठ त्याचं पुनर्विलोकन करणार आणि लखोटा बंद. उद्योगशीलता, सहकारी व जनतेशी संबंध, सचोटी व चारित्र्य असे रकाने. शेवटी प्रतवारी: ‘ब’ म्हणजे चांगला, ‘ब+’ म्हणजे निश्चित चांगला. बढती त्या एका अक्षरावर अडायची. मी महसूल खात्यात कारकून म्हणून लागलो, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा मोठा काळ महाड आणि पोलादपुरात गेला, आणि आपल्याबद्दल वर काय लिहून गेलंय हे त्यातली बरीच वर्षं आम्हा कुणालाच ठाऊक नसायचं.

ही रीत इंग्रजी अमदानीतून आलेली. प्रतिकूल शेरा असला तर तेवढा कळवायचा, बाकी सगळं कुलपात. ते कुलूप उघडलं एका अभियंत्याच्या चिकाटीने. सीमा सडक सेवेतले कार्यकारी अभियंता देव दत्त यांना १९९३-९४च्या अहवालात ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. वाचायला बरा, पण बढतीला ‘अतिशय चांगला’ लागत होता, आणि हा शेरा त्यांना कधी कळवलाच नव्हता. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नोंद बरी असो वा वाईट, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. पुढच्याच वर्षी केंद्राने संपूर्ण अहवाल संबंधिताला दाखवण्याचा आदेश काढला. राज्यातही ‘गोपनीय’ हा शब्द मागे पडून ‘कार्यमूल्यमापन अहवाल’ आला. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत सरकारी नोकराच्या आत्मसन्मानासाठी याहून मोठं काही झालं नाही.

पण कुलूप उघडलं तरी स्वतःबद्दल काय लिहायचं, हे कुणी शिकवलं नाही. स्वयंमूल्यनिर्धारणाचा भाग कर्मचाऱ्याने स्वतः भरायचा. तिथे पिढ्यान्‌पिढ्या एकाच साच्यातली वाक्यं: ‘नेमून दिलेली सर्व कामे वेळेत पार पाडली. जनतेशी सौजन्याने वागलो.’ शेजारच्याचा जुना कागद समोर ठेवून उतरवलेली. केंद्राच्या नमुन्यात अधिकाऱ्याच्या वैयक्तिक गुणांमध्ये संवादकौशल्य आणि नैतिक धैर्य दोन्ही मोजायचे असतात. ती दोन्ही एकाच यादीत आहेत, हे मला फार योग्य वाटतं.

कारण आमच्या तालुक्यातलं त्याचं उदाहरण समोर आहे. रायगडाच्या पायथ्याजवळच्या नाते गावी १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामणराव देशमुखांचा जन्म झाला. आयसीएस, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री आणि १९५२च्या निवडणुकीत आमच्याच कुलाब्याचे, म्हणजे आजच्या रायगडचे, खासदार. मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या निर्णयावरून १९५६ साली त्यांनी मंत्रिपद सोडलं आणि का सोडतो ते भर लोकसभेत, पंतप्रधानांसमोर, स्पष्ट सांगितलं. संवादकौशल्य म्हणजे गोड बोलणं एवढंच समजणाऱ्यांनी ते निवेदन जरूर वाचावं.

कचेरीतलं आमचं काम त्यामानाने लहान, पण परीक्षा तीच. पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीत पावसाळ्याआधी नोटीस घेऊन गेलो होतो. ‘दरडप्रवण क्षेत्रातील कुटुंबांनी अतिवृष्टीच्या काळात सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे.’ कागद बिनचूक होता, पोच घेतली, सह्या-अंगठे झाले. एक म्हातारी म्हणाली, “रावसाहेब, माणसं शाळेत निजतील. गुरं कुठं बांधू?” नोटिशीत गुरांचा शब्दही नव्हता. वाडीतलं कुणीही दुभती म्हैस सोडून हलणार नाही, हे मुंबईत बसून मसुदा करणाऱ्याला कळणार कसं? गावच्या सरपंचांना सोबत घेऊन शाळेजवळच्या एका मांगराची सोय ठरली, तेव्हा कुठे ती नोटीस त्या घरात पोहोचली. पोच आधीच मिळाली होती.

अशा नोटिशी आमच्या भागात उगाच निघत नाहीत. जुलै २००५मध्ये जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ला तळिये दरडीखाली गेलं, ८०हून अधिक माणसं दगावली. त्याच पावसात पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडी. तेव्हा महाडात पुराचं पाणी, वीज नाही, मोबाइल बंद. तळियेची खबर बाहेर येऊन मदत पोहोचायलाच किती वेळ गेला, ते सगळ्यांना आठवतं. आणि २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्री नदीवरचा इंग्रजी काळातला पूल वाहून गेला, दोन एसटी बस गेल्या, तेव्हा जवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराने रस्त्यावर धावत येऊन पुढच्या गाड्या थांबवल्या. त्याचा अहवाल कुणी लिहिणार नव्हतं. गाडीवाल्याला काळोखात, धो धो पावसात, क्षणभरात पटेल असं सांगणं त्याला जमलं. याहून वरची प्रतवारी मला माहीत नाही.

आता महाड एमआयडीसीतली पोरंही असाच स्वतःच्या मूल्यमापनाचा फॉर्म भरतात, फक्त संगणकावर. माझा पुतण्या एका रसायन कारखान्यात आहे. मागे विचारत होता, “काका, कम्युनिकेशन स्किल्सखाली काय लिहू? सगळे ‘एक्सलंट’ लिहितात.” त्याला विचारलं, पाळी बदलताना पुढच्या माणसाला रिॲक्टरचं काय सांगतोस? तो सांगू लागला: तापमान किती, कुठला व्हॉल्व्ह गळतोय, लॉगबुकात काय लिहिलंय आणि तोंडी काय बजावलंय. एकदा त्याने बजावल्यामुळे रात्रपाळीवाल्याने एक बॅच वेळीच थांबवली होती. हे त्याने फॉर्ममध्ये कधीच लिहिलं नव्हतं. हे तर रोजचंच काम, असं त्याला वाटत होतं.

तेव्हा सरकारी असा की खासगी, यंदा संवादकौशल्याचा रकाना भरताना विशेषण लिहू नका. कुणाला, काय, कधी सांगितलंत आणि ऐकणाऱ्याने त्यावर काय केलं, तेवढं तारखेसकट लिहा. आणि तुम्ही दुसऱ्याचा अहवाल लिहिणारे असाल, तर त्याच्याकडून तेच मागा.