वाचकाभिप्राय (मुंबईतील मराठी परंपरा)

वाचकाभिप्राय म्हणजे समीक्षक नसलेल्या वाचकाने स्वतः वाचलेल्या पुस्तकाविषयी, मग ती कादंबरी असो वा आत्मकथन, व्यक्त केलेले मत. समीक्षा साहित्यकृतीचे परीक्षण करते. वाचकाभिप्राय बहुधा ‘हे वाचावे का?’ एवढ्याच प्रश्नाचे उत्तर देतो. मुंबईत गिरगाव, दादर आणि परळ-लालबाग या मराठी वस्तीच्या भागांत ग्रंथालये, पुस्तकांची दुकाने, नियतकालिके आणि वाचक चळवळ यांच्या आधाराने ही परंपरा वाढली.

पूर्वपीठिका

१८६७ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ या मासिकातून नव्या पुस्तकांवर टीकालेख येत. परंतु तेथे लिहिणारा वर्ग विद्वानांचा होता. सामान्य वाचकाचे मत उमटे ते ग्रंथालयात. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या (स्थापना १८९८) संस्थांच्या देवघेव विभागात पुस्तक परत करताना दिलेला बरावाईट शेरा हा वाचकाभिप्रायाचा जुना आणि सर्वांत कमी नोंदला गेलेला प्रकार होय.

‘ललित’ आणि गिरगाव

गिरगावातील मॅजेस्टिक बुक स्टॉलचे केशवराव कोठावळे यांनी जानेवारी १९६४ मध्ये ‘ललित’ हे ग्रंथविषयक मासिक सुरू केले. त्यातील ‘चोखंदळ वाचकांची निवड’ या सदराने वाचकांच्या पसंतीला छापील स्थान दिले. जयवंत दळवी यांनी ‘ठणठणपाळ’ या टोपणनावाने लिहिलेले ‘घटका गेली, पळे गेली’ हे सदर साहित्यिकांची थट्टा करणारे होते. वरकरणी हा निव्वळ विनोद; पण मोठ्या लेखकाविषयी मोकळेपणाने बोलण्याची वाचकाची भीड त्याने चेपली, असे म्हणण्यास जागा आहे.

याच काळात भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’ (१९६५) या पुस्तकावरून मोठा वाद झाला. आचार्य अत्रे यांनी त्यावर कठोर टीका केली. नाक्यावरच्या पोरांची ती भाषा चाळीतल्या वाचकाला नवी नव्हती. ती छापावी का, एवढाच वादाचा मुद्दा होता.

ग्रंथाली

दिनकर गांगल, अरुण साधू, अशोक जैन, कुमार केतकर आदींच्या पुढाकाराने १९७४ च्या अखेरीस ‘ग्रंथाली’ उभी राहिली. तिने स्वतःस प्रकाशनसंस्था न म्हणता ‘वाचक चळवळ’ म्हटले. सभासदांना सवलतीच्या किमतीत पुस्तके मिळत आणि ‘रुची’ या नियतकालिकातून पुस्तकांविषयी चर्चा चाले.

ग्रंथालीने १९७८ साली प्रसिद्ध केलेले दया पवार यांचे ‘बलुतं’ वाचकाभिप्रायाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे ठरते. पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या लेखकांनी त्याचे मनापासून स्वागत केले. पांढरपेशा वाचकाला त्यातून एक अपरिचित जग दिसले, तर दलित समाजातील काही वाचकांनी ‘आपले दारिद्र्य आणि घरातील गोष्टी चव्हाट्यावर मांडल्या’ अशी नाराजी व्यक्त केली. ज्यांचे जीवन पुस्तकात आले आहे त्यांचे मत इतर वाचकांच्या मतासारखेच मोजावे की निराळे, हा प्रश्न मराठीत येथे ठळकपणे पुढे आला. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने (१९८०, साहित्य अकादमी पुरस्कार १९८१) तो अधिक तीव्र केला.

गिरणगाव

परळ-लालबागच्या कामगार वस्तीतील अभिप्राय प्रामुख्याने तोंडी राहिला. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने फिरत्या वाचनालयांद्वारे कामगारांपर्यंत पुस्तके पोहोचवली. साक्षर कामगाराने मोठ्याने वाचावे, इतरांनी ऐकावे आणि मध्येच थांबवून आपले म्हणणे मांडावे, अशी रीत चाळींत होती. नारायण सुर्वे यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) हा कवितासंग्रह याच कामगारविश्वातून आला. मात्र त्याविषयी छापून आलेली मते मुख्यतः समीक्षकांची आहेत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, कामगार कुटुंबे उपनगरांत व गावी पांगली, आणि हा तोंडी ठेवा बहुतांशी लिहून न ठेवताच गेला.