राणीबागेतला दगडी हत्ती

बासी ईदेला भायखळ्याच्या राणीबागेत पाय ठेवायला जागा नसते. नागपाडा, मदनपुरा, पार मुंब्र्याहून नवे कपडे घातलेली पोरं येतात आणि वाघ, पेंग्विन बघून जातात. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरच्या दगडी हत्तीजवळ फारसं कुणी थांबत नाही. लहानपणी मला तो पोरांना चढायला ठेवलेला हत्ती वाटायचा.

मुळात तो घारापुरी बेटावरचा, अखंड काळ्या पाषाणात कोरलेला. सोळाव्या शतकात बेट पोर्तुगीजांच्या हाती गेलं. किनाऱ्यावर उतरताच त्यांना हा दिसला आणि बेटाचं नाव पडलं एलिफंटा. वर डोंगरात एवढी भव्य लेणी, पण नाव मिळालं ते वाटेवरच्या हत्तीचं!

१८१४ मध्ये त्याचं डोकं आणि मान निखळून पडली. मग १८६४ च्या सुमारास त्याला इंग्लंडला न्यायचं ठरलं. उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे राणीबागेत आणून ठेवले गेले, आणि १९१४ मध्ये सांधून पुन्हा हत्ती उभा केला. म्हणजे पन्नासएक वर्षं हा बिचारा ढिगाऱ्याच्या रूपातच होता. जवळ गेलात तर अंगावरचे सांधे दिसतात.

वर्गात हे सांगितलं की उर्दू माध्यमाच्या मुलांना हटकून सूरह फील आठवते. ती सगळ्यांना पाठ असते, आणि अब्राहाचा हत्ती काब्याकडे वळवला की बसून राहायचा, हा किस्साही मौलवीसाहेबांकडून ऐकलेला असतो. ‘सर, हासुद्धा गेला नाही!’ इतिहास शिकवणाऱ्याने खरं तर सांगायला हवं की क्रेन वजनाने मोडली. मी सांगतोही, पण जरा उशिराने.

त्याच आवारात आणखी एक स्थलांतरित आहे. बगदादी ज्यू घराण्यातल्या सर अल्बर्ट अब्दुल्ला डेव्हिड ससून यांनी १८७९ मध्ये शहराला दिलेला काळा घोडा, पाठीवर इंग्लंडचा युवराज, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड. १९६५ मध्ये तो फोर्टातून हलवून इथे आणला. पण फोर्टातला तो चौक काळा घोडाच राहिला. बिनस्वाराचा नवा घोडा तिथे आला तो थेट २०१७ मध्ये. मधली पन्नासहून अधिक वर्षं लोक नसलेल्या घोड्याचाच पत्ता सांगत होते. एलिफंटाच्या बोटीत बसणाऱ्यांचंही तेच. ज्याच्यावरून नाव पडलं तो हत्ती इकडे भायखळ्यात, वाटेवरच बघायला मिळतो.

बागेचीही तीच गत. जिच्यावरून नाव पडलं ती व्हिक्टोरिया राणी. आज फाटकावर वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान अशी पाटी आहे. नागपाड्याहून टॅक्सीत बसणारी माणसं मात्र अजून ‘रानीबाग’ म्हणतात, आणि टॅक्सीवाला बरोबर तिथेच सोडतो.